शुक्रवारी पिंप घासायचं

कर्वेनगर, पुणे
रविवार, 25 मे 2025, रात्रीचे पावणेबारा

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय म्हणून. बाबा, पत्र आधी आईला वाचू द्या. तुम्ही मोठ्यानं वाचायला लागलात की मधेच थांबून स्वतःचं भाष्य करता. शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढा, लाल पेन टीव्हीखालच्या खणात आहे.

एकाच घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे नाटकच आहे, कळतंय मला. पण आज जेवताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनही वेळा 'कोशिंबीर वाढ' एवढंच बाहेर पडलं.

तर सांगते. मी कॉलेजची नोकरी सोडली. सोडणार आहे असं नाही, सोडली. राजीनामा फेब्रुवारीतच दिला होता, नोटिशीचे तीन महिने परवा संपले. उद्या फक्त किल्ल्या आणि लायब्ररीची पुस्तकं परत करायला जाणार आहे. येत्या शनिवारी बंगळूरला निघतेय. तीन वर्षांसाठी.

आई, खाली बस. पाणी पी. मग पुढे वाच.

तीन महिने मी रोज तुझ्या हातचा डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी रिकामा आणून सिंकमध्ये ठेवला, आणि एका शब्दानं बोलले नाही. मार्चमध्ये बाबांचं चेकअप होतं म्हणून नाही, एप्रिलमध्ये तुझे गुडघे दुखत होते म्हणून नाही. खरं सांगायचं तर रोज एक कारण सापडायचं आणि मला बरं वाटायचं.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न पाठ आहे मला. 'आपल्याच पुण्यात व्हायरॉलॉजी आहे की!' आहे ना. विषाणूंवर संशोधन करणारी ती संस्था 1952 पासून आहे. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा तो क्यासनूरचा ताप याच लोकांनी शोधून काढला. 2020 च्या मार्चमध्ये आपण दारं लावून घरात बसलो होतो, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या नमुन्यातून कोरोनाचा विषाणू वेगळा काढला होता. पण जागा आपण म्हणू त्या गावात निघत नाही. मला हवं होतं ते काम, म्हणजे विषाणूच्या अंगावर अँटीबॉडी (त्याच्याशी लढायला शरीर तयार करतं ते प्रथिन) नेमकी कुठं आणि कशी बसते ते डोळ्यांनी बघायचं, त्याची जागा बंगळूरला निघाली. माझं वय एकोणचाळीस. पुढच्या वेळी मला कोणी बोलावणार नाही.

आणि बंगळूर म्हणजे काही परदेश नाही. विमानानं दीड तास. गणपतीत वाहतूक बंद असते तेव्हा कर्वेनगरातून कॅम्पात जायला याहून जास्त लागतो. शिवाय आई, तू हदग्याच्या फुलांची भाजी करतेस ना, त्या हदग्याच्या झाडाला एक मोझॅक विषाणू होतो. त्याची रचना नव्वदच्या दशकात बंगळूरच्याच आयआयएस्सीत, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सोडवली, अणू कुठं कुठं बसलेत इथपर्यंत. म्हणजे गाव अगदीच परकं नाही. (हे जरा ओढूनताणून झालं. राहू दे.)

शेजारी कोणी विचारलं की 'ती व्हायरसचे फोटो काढते' असं तू सांगतेस. मी नेहमी हसते, पण ते बरोबरच आहे. आज नीट सांगते, म्हणजे पुढची तीन वर्षं सांगायला सोपं जाईल.

तुझ्या रोजच्या बारक्या टिकलीएवढी, 3 मिलिमीटरची, तांब्याची जाळी असते. ती चिमट्यात धरायची. तिच्यावर थेंबभर पाणी सोडायचं, त्यात विषाणू. टिपकागदानं जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं आणि उरलेला पापुद्रा सुकायच्या आत ती जाळी उणे 180 अंशांच्या आसपासच्या द्रवरूप इथेनमध्ये सपकन बुडवायची. आपल्या फ्रीजमध्ये कुल्फीत खडे होतात, तू दरवर्षी दुधाला नावं ठेवतेस, पण दूध बिचारं चांगलंच असतं. कुल्फी हळूहळू गोठते, म्हणून खडे. इथं पाण्याला खडे व्हायला वेळच मिळत नाही. काचेसारखा बर्फ होतो आणि विषाणू जसा होता तसा आत राहतो. ही युक्ती बसवली झाक द्युबोशे यांनी, आणि 2017 मध्ये योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्याबरोबर त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. माझ्या पहिल्या अकरा जाळ्या वाया गेल्या. कधी बर्फ जाड झाला, कधी जाळी वाकली, आणि एकदा ऐन वेळी मला शिंक आली.

मग इलेक्ट्रॉनच्या झोतात त्याचे फोटो. एकेक फोटो इतका धूसर, की पावसात एसटीच्या काचेतून बाहेर बघावं. पण कण हजारो असतात, कुणी उताणा, कुणी कुशीवर. ते सगळे संगणकावर एकमेकांशी जुळवत गेलं की हळूहळू एक आकार वर येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रात्री दोन वाजता त्या खोलीत एकटी टाळ्या वाजवत होते.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही टूलरूममध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पोरांना अख्खी डाय परत घासायला लावायचात. डेंग्यूचा विषाणू 50 नॅनोमीटरचा. तुमच्या स्टीलच्या पट्टीवर मिलिमीटरच्या दोन खुणांच्या मधे ओळीनं 20 हजार मावतील. त्याचं कवच 2002 मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी असंच गोठवून पाहिलं. कोरोनासारखे काटे वगैरे काही नाहीत. 180 प्रथिनं, दोन-दोनच्या 90 जोड्या, फरशी बसवावी तशा चपट्या. आणि फरशी म्हणून ती जागेवर गप्प बसेल असंही नाही. डासाच्या अंगात असते तोवर घट्ट असते. आपल्या 37 अंशांत आली की काही वाणांत ती फुगते, सांधे किलकिले होतात.

त्या फरशीवर आपल्या रक्तातली अँटीबॉडी येऊन बसते. पुस्तकात कुलूप-किल्लीची उपमा देतात, मला ती कधीच पटली नाही. तुमचं वाक्यच जास्त बरोबर आहे. सायकलच्या पेडलला चुकीचा नट लावला होता मी सातवीत, तेव्हा म्हणाला होतात, 'बसलाच नाही तर निदान कळतं तरी. अर्धवट बसलेला नट सगळी मशीन खातो.'

डेंग्यूचं अगदी हेच आहे. त्याचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून जन्मभराची सुटका. बाकीच्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढं दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की जुन्या अँटीबॉड्या त्याला जाऊन चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्यांची शेपटी धरून पांढऱ्या पेशी त्याला आत ओढतात, आणि त्याला तर त्याच पेशींत वाढायचं असतं. राखणदारानंच चोराला दार उघडून द्यावं. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू वाईट. फिलिपिन्समध्ये 2016 पासून आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस दिली, आणि पुढच्याच वर्षी ते थांबवावं लागलं, कारण ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांच्यात त्या लशीनंच पहिल्या डेंग्यूचं काम केलं. नुसती अँटीबॉडी तयार होऊन भागत नाही. ती कुठं बसते ते बघावं लागतं.

काहींच्या रक्तात एक निराळी जात सापडते. 2015 मध्ये ती नीट कळली. ती फरशीच्या सांध्यावर, जोडीतल्या दोघांवर मिळून बसते. तिथं विषाणूला फारशी हलवाहलव करता येत नाही, केली तर त्याचीच जोडी सुटायची. म्हणून ती चारही प्रकारांना लागू पडते, आणि झिकालासुद्धा. (तोच, गेल्या वर्षी एरंडवण्यात निघालेला. डेंग्यूचा चुलतभाऊ.) आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात अशा अँटीबॉड्या शोधायच्या आणि त्या कशा बसतात ते पाहायचं, हे माझं काम.

आता गेल्या ऑगस्टचं.

आपण तिघंही त्यावर बोलत नाही. बाबा तर 'मला काय झालं होतं, चार दिवस आराम केला' असं सांगत फिरतात. पण मला बोलायचंय.

मी तीन दिवसांसाठी बंगळूरला होते. मायक्रोस्कोपची वेळ दोन महिने आधी मिळालेली. बाबांचा तापाचा पाचवा दिवस. दुपारी चारला आई, तुझा फोन आला, 'उतरला गं ताप, अंग गार लागतंय, झोपलेत.' मी काय म्हणाले आठवतं? 'छान. झोपू दे.' आणि फोन ठेवून परत स्क्रीनकडे वळले.

आई, मला माहीत होतं. वर्गात शिकवते मी हे. डेंग्यूत ताप उतरतो ते एक-दोन दिवसच धोक्याचे. त्याच वेळी रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्तदाब खाली येतो. अंग गार लागतंय हे ऐकून मी ओरडायला हवं होतं की उठव त्यांना, बीपी बघ, दवाखान्यात ने. समोर स्क्रीनवर तोच विषाणू होता आणि मी म्हणाले झोपू दे.

रात्री अकराला बाबा बाथरूममध्ये पडले. तू आणि वरचा ओंकार त्यांना रिक्षातून घेऊन गेलात. तू गाऊनवरच साडी गुंडाळली होतीस, ओंकारनं सांगितलं मला. मी पहाटेच्या विमानानं आले तेव्हा सलाईन लागलं होतं, प्लेटलेट 18 हजार होत्या, आणि बाबा मला म्हणाले, 'तुझे फोटो आले का चांगले?'

आले होते. तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला संच होता. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आता मी असं लिहू शकते की बाबांच्या आजारपणामुळेच मी हे काम करायला जातेय. वाचायला छान वाटेल, मावशीला सांगायलाही बरं पडेल. पण ते खोटं आहे. मला हे काम आवडतं म्हणून जातेय. बाबा दवाखान्यात होते तेव्हाही आवडत होतं. एवढंच आहे.

अजून एक. बाबा, हे वाचून आईकडे बघू नका लगेच.

तुमची ती दुसरी खेप होती, डॉक्टर म्हणालेच होते. पहिली बहुधा 2019 च्या गणपतीतली, 'व्हायरल आहे' म्हणून आपण सोडून दिलेली. दोनदा होऊन गेलेल्याला तिसऱ्यांदा सहसा तेवढ्या जोराचा होत नाही. घरात सगळे तुमच्या मागे ओडोमॉस घेऊन फिरतात, पण माझी काळजी वेगळीच आहे. आई, डिसेंबरमध्ये बी-ट्वेल्व्हसाठी तुझं रक्त काढलं तेव्हा मी गुपचूप डेंग्यूची जुनी अँटीबॉडी तपासायला सांगितली. विचारलं नाही, चुकलं माझं. ती निघाली. तुला कधीतरी, न कळत, डेंग्यू होऊन गेलाय. कितीदा ते त्या चाचणीत कळत नाही. एकदाच असेल तर दुसरा व्हायचाय.

घाबरू नकोस. यात जगावेगळं काही नाही. 2017-18 मध्ये देशभर पाहणी झाली, तेव्हा 5 ते 45 वयाच्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात ती होती. बहुतेकांना दुसऱ्यांदा होऊनही काही होत नाही. पण तू माझी आई आहेस, बहुतेक लोक नाहीस, म्हणून खालचं सगळं ऐकायचं. वाद नको.

गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून तू बुधवारी पिंप भरून ठेवतेस आणि सोमवारपर्यंत पुरवतेस. ते बंद. शुक्रवारी सकाळी पिंप रिकामं करायचं आणि आतून घासायचं. नुसतं ओतून उपयोग नाही. डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्महिने राहतात आणि पाणी लागलं की उठतात. घासायचं काम बाबांचं, तू वाकायचं नाहीस. तुळशीखालची ताटली काढून टाकली आहे मी आज, शोधू नकोस. फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं पाणी, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचा ओंकारचा टायर, सगळं शुक्रवारी. यंदा पावसानं मे महिन्यातच हजेरी लावलीय, तेव्हा जूनची वाट बघू नका. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी, म्हणजे नेमकं तू झाडांना पाणी घालतेस तेव्हा. बाबांचा जुना फुलशर्ट घाल. वाईट दिसतो, हो. दिसू दे.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या तुमच्या डब्यातून मी काढून घेतल्यात. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायचं. ताप उतरला, की आनंदानं फोन करायचा नाही, आधी दवाखान्यात जायचं आणि तिथून फोन करायचा. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरडीतून रक्त आलं, नुसतं झोपून राहावंसं वाटलं, तरी तेच. पपईच्या पाल्याचा रस घ्यायचा तर घे, मी भांडणार नाही. पण रस घेतलाय म्हणून दवाखाना टाळायचा नाही. बाबा, आपल्याकडची लस अजून चाचणीत आहे. तिची मोठी चाचणी 2024 मध्ये सुरू झाली. बाजारात आली की मी सांगेन, तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते पुढं पाठवू नका.

जरा ओरडल्यासारखं झालं ना. परत वाचलं तर तुझाच आवाज ऐकू आला, मला सहलीला पाठवायचीस तेव्हाचा.

बाकी सोय लावून ठेवलीय. पोळ्यांना सुरेखाताई आता दोन्ही वेळ येतील, भाकरी हवी असेल तर सकाळीच सांगायचं. बाथरूममध्ये परवा दांडी बसवून घेतली, ती 'भाडेकरूंसाठी' नव्हती, तुमच्यासाठीच होती. औषधांच्या डब्यात तीन आठवड्यांच्या गोळ्या वार घालून भरल्यात. ओंकारकडे एक किल्ली दिलीय, तो रोज रात्री ऑफिसातून आला की बेल वाजवेल. त्याला दरवेळी चहाचा आग्रह करू नका, तो येणं बंद करेल. सिलिंडरचं बुकिंग मी इथून तिथून कुठूनही करते, त्यात लक्ष घालू नका.

माझी काळजी म्हणाल, तर दोन खोल्या आहेत, पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघर वेगळं. मालकीणबाई धारवाडच्या, मराठी समजतं. ज्वारीची भाकरी मिळते. हवा आपल्या लहानपणीच्या पुण्यासारखी. आई, तू रोज विचारतेस ते, मला काही लागण होणार नाही. डेंग्यू नुसत्या स्पर्शानं किंवा श्वासातून होत नाही, आणि आम्ही बहुतेक वेळ विषाणूचे नुसते तुकडे किंवा निष्क्रिय केलेले विषाणूच वापरतो. पगार थोडा कमी आहे. पेन्शनबद्दल बाबा बोलणार, बोला, शुक्रवारपर्यंत वेळ आहे. पीएफ काढलेला नाही.

दादा गेला त्या रात्री गच्चीवर बाबा मला काही म्हणाले नव्हते, नुसतं पाठीवर हात ठेवला होता. मीच आपण होऊन म्हणाले, 'मी कुठं जाणार नाही.' सोळा वर्षं झाली. तुम्ही एकदाही आठवण करून दिली नाहीत. करून दिली असतीत तर भांडून तरी गेले असते.

उद्या दुपारी दोनपर्यंत घरी येते. मी आले की लगेच बोलायला हवं असं नाही. आई रागावली असेल तर राहू दे, मी आमटी करीन.

बाबा, पिंपाचं झाकण तेवढं बघा. बाजारातून आणलंय, कडेला बोटभर फट राहते. तुम्ही पत्र्याची पट्टी मारून नीट बसवून द्या. प्ले ठेवू नका.

तुमची,
चिमी

ता. क. आई, लोणच्याची बरणी बॅगेत ठेवू नकोस, विमानात तेल सांडतं. ठेवणारच असशील तर दोन पिशव्यांत गुंडाळ, आणि कैरीचं दे. लिंबाचं बाबांना राहू दे.